बटाट्याचं जावळ

निरगुडसर

प्रिय ज्ञानू,

फोन केला असता, पण फोनवर तू काय बोलतोस ते मला पाठ झालंय. "बरी हायस ना ताई? दाजी बरं हायेत? चल, गाडीवर हाय, ठेवतो." आमच्या ऋषीचं नाव निघायच्या आत तुझ्या गाडीला घाट लागतो आणि रेंज जाते. म्हणून पत्र लिहितेय. पत्र कट करता येत नाही. टोमॅटो उतरवून झाले की केबिनमध्ये बस, चहा सांग आणि एका दमात वाच. अर्ध्यावर घडी घालून खिशात टाकलंस तर तुला माझी शपथ आहे.

बातमी आधीच सांगून टाकते, पोटात राहत नाहीये. बटाट्या भादरून झाला! अख्खा! कानामागचे केससुद्धा! दोरी नाही, फास नाही, धरायला चार गडी नाहीत. मोकळा उभा राहिला आणि मी मशीन फिरवलं. शेवटचा झुबका खाली पडला तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या सरूबाई हातात लाटणं घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं बिबट्या आला.

बटाट्या कोण ते तुला माहीत नाही असं धरून सांगते. संक्रांत झाली आणि आळेफाट्याच्या अरिहंतभाऊंनी टेम्पोतून एक शिंगरू आमच्याकडं पाठवलं. अरिहंतभाऊ म्हणजे हायवेवरचे हॉटेलवाले, पोपटलाल शेठजींचे चिरंजीव. हॉटेलच्या मागच्या बागेत पोरांना बघायला म्हणून त्यांनी ते बुटक्या जातीचं घोडं कुठून तरी आणलं होतं. वाढून वाढून माझ्या कमरेएवढं होणार, आत्ता तर ऋषीच्या छातीलाही लागत नाही. टेम्पोचा फाळका पडला आणि आत काय दिसलं सांगू? घोडं कुठलं, कांबळं पांघरून बसलेलं काहीतरी. केसांत गोचिडांचं रान, आणि नाकावर दोरीच्या फासाचा ताजा वळ. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, ही थंड मुलखातली जात, हे केस होळीच्या आत उतरवा, नाहीतर चैत्रातल्या उन्हात हे टिकायचं नाही. हॉटेलातल्या पोरांनी चौघांनी धरून भादरायला घेतलं, तर ते फास तोडून पळालं आणि थेट हायवेवर एका ट्रकपुढं जाऊन उभं राहिलं. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचलं. आता आमच्याकडं शर्यतीत बैलगाड्यापुढं पळणारी घोडी आहे, तुझ्या दाजींना जनावराची समज आहे, म्हणून शेठजींनी ते इकडं धाडलं, असं मला तेव्हा सांगण्यात आलं.

तुझ्या दाजींची समज म्हणजे काय, त्यांनी ओळखीच्या गोठ्यातून म्हशी भादरायचं मशीन आणलं आणि गल्लीतले तिघं गोळा केले. "चौघं धरू, पाच मिन्टाचं काम हाय. लई लाड नकोत." मशीन सुरू झालं, घर्रर्र आवाज आला, तसं ते शिंगरू गव्हाणीत डोकं घालून थरथरायला लागलं. आणि माझ्यामागं ऋषी, दोन्ही कानांवर हात, भिंतीला चिकटून उभा. ज्ञानू, दोघांचे डोळे एकसारखे होते रे. मी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले. हातात शेणाचं घमेलं होतं, तेच वर धरलं आणि म्हटलं, जो धरायला पुढं होईल त्याच्या डोक्यात आधी हे घमेलं, आणि मग महिनाभर माझ्या हातची भाकरी नाही. गल्लीतले गडी हसत हसत मागं सरले. तुझे दाजी हसले नाहीत, कारण मी बोलते ते करते हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. सासूबाई मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, धरायचं न्हाई, बांधायचं न्हाई, मग भादरायचं कसं? त्याच्यापुढं पोथी वाचून?" म्हटलं, लागली तर पोथीपण वाचीन.

मी एवढी का पेटले ते तुला सांगायला नको. तरी सांगते, आणि आता गाडी घाटात घालू नकोस. ऋषीचे केस खांद्याखाली आलेत. पहिलीत जातो, पण कात्री दिसली की घामाघूम होतो आणि मशीनचा आवाज आला की दिसेनासा होतो. न्हाव्याचं दुकान लागू नये म्हणून शाळेला लांबच्या रस्त्यानं जातो. पोरं वेणी घाल म्हणून चिडवतात, एकीनं तर त्याला फुलाची क्लिप आणून दिली. हसू येतं आणि जीवपण तुटतो. लोकांचं तोंड कुठं कुठं धरणार? म्हणून मी सांगायला लागले, नवसाचे केस आहेत. कुणी विचारलं कुणाचा नवस, तर त्या घडीला जो देव तोंडात येईल तो. सरूबाईंना सांगितला खंडोबा, आणि पलीकडच्या आळीतल्या भागूला सांगितला भीमाशंकर. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या दोघी बसल्या की मांडीला मांडी लावून! सासूबाईंनी घरी येऊन मला धारेवर धरलं. "एका डोक्याला दोन देव? तोंडानं बोललीस ना? आता देवांनी ऐकलंय. फेडावं लागंल." झाला ना खोटा नवस खरा! आता पोराचं अर्धं राहिलेलं जावळ काढायलाच हवं होतं, पोरगं कात्री शिवू देत नव्हतं, आणि मांडीवर कोण घेणार हा विषय तर मी घरात काढूही देत नव्हते. मला एकच हवं होतं, माझ्या लेकराची ती भीती जायला हवी होती. ती कशी जाते ते मला माहीत नव्हतं. म्हटलं, घोड्याची जाते का ते तरी बघू.

पहिले काही दिवस मी मशीन नुसतं वाजवलं. लांब, अंगणाच्या पार कडेला, वायर ओढून. मशीन वाजतंय तोवर बटाट्यापुढं हिरवा घास, मशीन बंद की घास उचलला. सुरुवातीला तो त्या घासाकडं बघेना. मग एकदा तोंडात काडी घेतली आणि चावायचंच विसरून उभा राहिला. मग चावली. आधी पोटोबा मग विठोबा, हे काय माणसालाच आहे थोडंच! मी रोज थोडी थोडी जवळ सरकले. पुढं पुढं तर मशीन वाजलं की तो कान टवकारून माझ्याकडंच यायला लागला. "सून घोड्याला भजन ऐकवती," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, पण घास निवडून कोवळा कोवळा त्याच आणून ठेवायच्या. मग खराऱ्यानं खाजवता खाजवता मध्येच बंद मशीनची पाठ त्याच्या अंगाला लावायची. मग चालू मशीन माझ्या हाताच्या पाठीवर आणि माझा तळहात त्याच्या खांद्यावर, म्हणजे हादरा आधी मला आणि मग त्याला. माझा हात संध्याकाळी भाकरी थापतानासुद्धा मुंग्या आल्यासारखा व्हायचा.

ऋषीला मी एका शब्दानं बोलावलं नाही. तो आधी पडवीतून बघायचा, कानांवर हात ठेवून. मग एकच हात कानावर आणि दुसऱ्या हातात चपातीचा तुकडा. मग केव्हातरी दोन्ही हात घासाची पेंढी सोडवण्यात गुंतले आणि कान उघडेच राहिले. मला दिसलं, पण मी दिसलं नाही असं दाखवलं. नाव त्यानंच ठेवलं. अरिहंतभाऊंच्या लेकीनं, टीनानं, काहीतरी इंग्रजी नाव ठेवलेलं होतं, ते ऋषी म्हणाला बिस्किटाचं वाटतंय. मातीत लोळून उठला की शेतातून नुकत्या काढलेल्या बटाट्यासारखा दिसतो, म्हणून बटाट्या. टीनाला फोनवर सांगितलं तर ती रुसली, ऋषी तिला अजून मनवतोय.

महाशिवरात्र झाली आणि मी खरं भादरायला घेतलं. खांद्यापासून सुरुवात केली, कान-डोकं अगदी शेवटाला ठेवलं. पहिला पट्टा निघाला, खालून मऊ करडी कातडी दिसली. दुसरा पट्टा, तिसरा पट्टा, आणि हा आपला रवंथ केल्यासारखा खातोय. तुझे दाजी भिंतीशी श्वास रोखून उभे. अर्धी कूस झाली आणि एकदम, लाथ! बादली उडाली, घास उडाला, बटाट्या धावत जाऊन घोडीच्या पोटाआड लपला. "बघितलंस? शेवटी जनावर त्ये जनावर. बोलावतो पोरांना," असं म्हणून तुझे दाजी निघालेसुद्धा. मला रडूच कोसळलं. एवढे दिवस पाण्यात गेले असं वाटलं. त्या गोंधळात मशीन खाली पडून घरघरत होतं, ते ऋषीनं उचललं. ज्ञानू, ऋषीनं! आपल्या हातानं! बटण बंद केलं, पातं स्वतःच्या मनगटाला लावलं आणि चटकन हात मागं घेतला. "आई, हे पोळतंय." मी लावून बघितलं. खरंच रे, चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं तापलं होतं. वाजून वाजून तापलं होतं आणि आम्हा मोठ्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

मग तो खाली बघत म्हणाला, "देवळात मला बी असंच पोळलं व्हतं. मी वरडून सांगितलं. कुणाला ऐकूच आलं न्हाई."

मी तिथंच खाली बसले. शेणात बसले होते ते नंतर कळलं. ज्ञानू, आठव तो दिवस. मला माहितीये तू तो रोज आठवतोस, पण आज माझ्याबरोबर आठव. टेकडीवरच्या खंडोबाला केवढी गर्दी होती, हलगी वाजत होती, येळकोटाचा गजर चालला होता. आपल्या आधी त्याच एका मशीननं किती पोरांची डोकी झाली होती देव जाणे. ऋषी तुझ्या मांडीवर, आणि सगळी म्हातारी माणसं तुला ओरडून सांगतायत, घट्ट धर रं मामा, सोडू नगंस. तू धरलंस. सांगितलं तसंच धरलंस. तो वळवळला, कानाला पातं लागलं, रक्त आलं, आणि अर्धं जावळ तसंच टाकून आपण त्याला घेऊन पळालो. पुढं मंचरच्या स्टँडवर तू चॉकलेट घेऊन त्याच्यापुढं आलास, तर तो माझ्या पदरात शिरून "मामा नको" म्हणून किंचाळला. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मी विसरले नाही. त्यानंतर दर भाऊबीजेला तुझी गाडी नेमकी लोड होते. पोर आपल्या हातांना भ्यालं असं तू धरून बसलास, आणि आम्हीही तसंच समजत होतो. अरे, पातं तापलं होतं रे वेड्या. त्या दिवशी तुझ्या जागी साक्षात खंडोबा मांडी घालून बसला असता तरी ऋषी वळवळलाच असता.

त्यानंतर आमच्या गोठ्यात ऋषीसाहेबांचा कायदा सुरू झाला. प्रत्येक पट्ट्याआधी मशीन साहेबांच्या मनगटाला लावायचं. साहेब म्हणाले गार आहे, तर पुढं जायचं. साहेब म्हणाले गरम, तर ओल्या फडक्यावर ठेवायचं, पात्याला तेल सोडायचं आणि बटाट्याला घास द्यायचा. असं केल्यावर काम लांबणारच. बरेच दिवस तो एका बाजूनं केसाळ आणि एका बाजूनं गुळगुळीत हिंडत होता. अख्खं गाव बघायला यायचं. "वैनी, बटाटा अर्धाच सोललाय की!" म्हणून चिडवायचं. मी म्हणायचे, हसा लेकांनो, होळीला या. तुझे दाजी पण चिडवणाऱ्यांवर डाफरायला लागले, म्हणजे बघ. एकदा तर मी बाहेरून आले तेव्हा ते बटाट्यापुढं उकिडवे बसून मशीन आधी स्वतःच्या गालाला लावत होते. मला बघितल्यावर दाढी करत होतो म्हणाले.

आणि होळीच्या दिवशी, पुरण शिजायला लावून, मी कान घेतले. तीच तर अवघड जागा. दावं सोडून टाकलं, म्हटलं जायचं असेल तर जाऊ दे. ऋषी पुढ्यात बसला, मांडीवर घास. मशीन मनगटाला लावलं, साहेबांनी मान हलवली. एक कान झाला. घास संपला, ऋषी उठून आणायला गेला, तरी हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. दुसरा कान माझ्या हातात दिला रे त्यानं, डोकं तिरकं करून! झाल्यावर अंग झाडलं आणि अंगणभर असा उधळला की काय सांगू. सासूबाईंनी ताट आणून ओवाळलं, कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाल्या, "देवाचंच घोडं हाय त्ये, मी पहिल्याच दिवशी वळखलं व्हतं." पोथीचं काही बोलल्या नाहीत. होळी जळाली, थंडी पळाली, म्हणतात. आमच्या अंगणातून त्या दिवशी आणखीही काहीतरी पळालं. संध्याकाळी होळीभोवती बोंब मारताना ऋषीचे हात एकदाही कानांवर गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अरिहंतभाऊ टीनाला आणि शेठजींना घेऊन आले. शेठजींनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि विचारलं, "आमचंच दिलंय ना, का बदललं?" अरिहंतभाऊ मात्र माझ्याकडं बघत हसून म्हणाले, "तुमचा भाऊ म्हणाला व्हता तस्संच झालं, ताई." मी म्हटलं, कोण भाऊ? मग त्यांनी जीभ चावली. मग मी चहा पुढं केला, पण सांगेपर्यंत त्यांच्या हातात दिला नाही. मग बोलले. म्हणाले, ते पिल्लू ज्याच्या ट्रकपुढं गेलं तो ड्रायव्हर खाली उतरला, त्याला कवेत घेऊन रस्त्याकडेला बसला, अंग थरथरायचं थांबेपर्यंत बसला. आमच्या पोरांना म्हणाला, परत चौघं मिळून धराल तर गाठ माझ्याशी हाय. आणि मला म्हणाला, ह्याला निरगुडसरला माझ्या बहिणीकडं पाठवा, ती कुणाला दाबून धरू द्यायची न्हाई, पण माझं नाव काढू नका. अरे गाढवा! माझ्या दारात घोडं धाडतोस आणि स्वतः येत नाहीस? मी रडत होते आणि तुला शिव्या घालत होते, दोन्ही एकदम. ऋषी घास तसाच हातात धरून सगळं ऐकत होता. त्यानं अरिहंतभाऊंना विचारलं, "मामानं त्याला दाबून धरलं व्हतं का?" ते म्हणाले, "नाय रे, नुसतं कवेत घेतलं व्हतं. मानेवरनं हात फिरवत व्हता." मग ऋषीपण बटाट्याच्या मानेवरून हात फिरवत बसला.

आता ऐक, हे पत्र कशासाठी लिहिलंय ते. येत्या रविवारी टेकडीवरच्या खंडोबाला ऋषीचं राहिलेलं जावळ काढायचंय. सकाळी लवकर, गर्दीच्या आधी, हलगी नाही. भीमाशंकराचं सासूबाईंनी परस्पर मिटवलं, म्हणाल्या भोळा सांब आहे, एका अभिषेकावर चालवून घेईल. अरिहंतभाऊंनी बटाट्याला पावसाळ्यापर्यंत इथंच ठेवलंय, तो टेम्पोतून येणार आहे. सरूबाई म्हणत होत्या, सख्खा मामा येत नसेल तर चुलत बसवू. मी तोंड उघडायच्या आत ऋषीच म्हणाला, "मला माझा मामा हाय की." पण त्याची एक अट आहे, ती जशीच्या तशी कळवतेय. "मशीन आधी मामाच्या मनगटाला लावायचं. मामा गार हाय म्हणला, तरच माझ्या डोक्याला." तेव्हा गाडी भरलेली असो की रिकामी, आळेफाट्यावरून सरळ जायचं नाही, आमच्याकडं वळायचं. आणि घड्याळ घालून येऊ नकोस. मनगट मोकळं लागणार आहे.

तुझीच,
स्नेहलताई